वाळूची पुडी

गोल्फच्या काठीची खरी पारख असलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो जन्मात गोल्फ खेळला तो फक्त एकदा. हा माणूस म्हणजे माझे धाकटे मामा. राहायला डोंबिवलीला, नोकरीला मुंबईतल्या एका विलायती कंपनीत, आणि जीव अडकलेला वेज नावाच्या काठीत. गोल्फच्या पिशवीत डझनभर काठ्या असतात. लांब मारायच्या वेगळ्या, हळूच ढकलायची वेगळी. चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला की त्याला बाहेर काढायला जी लागते ती वेज. बाकीच्या काठ्यांकडे मामा ढुंकूनही बघत नसत. "सरळ रस्त्यावर काय, कुणीही मारील रे," ते म्हणायचे. "खड्ड्यात पडल्यावर काय करतोस ते सांग."

हे वेड त्यांना साहेबाने लावलं, तेही नकळत. स्वराज्य येण्याच्या सुमारास दर शनिवारी मामांना सहीचे कागद घेऊन साहेबाच्या मागे गोल्फच्या मैदानावर जावं लागे. एका शनिवारी साहेबाचा चेंडू वाळूत पडला. साहेब मारतोय, वाळू उडतेय, चेंडू जागच्या जागी. ज्याच्या नुसत्या खाकरण्याने सगळी कचेरी चळाचळा कापायची, तो साहेब खड्ड्यात उभा राहून लालबुंद झालेला मामांनी पाहिला. मग दुसऱ्या एका साहेबाने आपली जाड बुडाची काठी त्याच्या हातात दिली आणि चेंडू पहिल्याच फटक्यात अलगद हिरवळीवर जाऊन बसला. त्या दिवसांत घरोघर लोक देशाचं काय होणार यावर बोलत होते. मामा घरी येऊन मामीला काठीच्या बुडाबद्दल सांगत होते.

खरं तर वेज भेटण्याआधीपासूनच मामांचा स्वभाव तसा होता. कोणतीही वस्तू अडचणीत कशी वागेल हे पाहिल्याशिवाय ते घेत नसत. छत्री घ्यायला गेले की दुकानदाराकडे आधी तांब्याभर पाणी मागत. एकदा भाड्याची जागा बघायला गेले, तेव्हा खोल्या किती हे न विचारता त्यांनी घरमालकाला विचारलं, की जिना कोसळला तर खाली कसं उतरायचं. मालकाने जागा द्यायलाच नकार दिला. मामीला बघायला गेले तेव्हा तर कहर केला. चहाचा कप हातात आला आणि यांनी तो सरळ सतरंजीवर सांडला, मुद्दाम. मुलीकडची मंडळी गोरीमोरी झाली. मामी मात्र फडकं घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "सरका जरा, मला पुसू द्या." मामांनी तिथल्या तिथे होकार दिला. ही गोष्ट मामी चारचौघांत रंगवून सांगायची आणि शेवटी म्हणायची, "तेव्हापासून पुसतेच आहे."

साहेब लोक मायदेशी परतू लागले तशा त्यांच्या गोल्फच्या पिशव्या मुंबईतल्या जुन्या सामानाच्या दुकानांत येऊन पडल्या. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो आणि नौपाड्यात खोली घेऊन राहत होतो. शनिवारी कचेरी लवकर सुटली की मामा मला गाठून त्या दुकानांत घेऊन जात. त्यांच्या खिशांत कागदाच्या पुड्या असत. एकीत डोंबिवलीच्या भातखाचरातली माती, एकीत कोपरच्या खाडीकाठचा चिखल, एकीत बंदरावरची जाडीभरडी रेती. कापडाला जुळणारा दोरा घ्यायला बायका जसा कापडाचा तुकडा नेतात, तशी मामा जमीन न्यायचे. दुकानदाराच्या टेबलावर पुड्या सोडायच्या आणि त्यांवरून एकेक काठी फिरवायची. "बघ, हिचं बूड चपटं. कडक जमिनीवर बरी, पण चिखलात घुसून बसेल. ही बघ, मागून फुगीर. ही रुतणार नाही, सरकेल." मग एक डोळा मिटून काठीचं तोंड आभाळाकडे किती वळलंय ते बघायचं, वजन खाली आहे की मुठीत ते जोखायचं, शेवटी मुठीचं चामडं हुंगायचं. एक दुकानदार कंटाळून म्हणाला, "शेठ, काठी घेणार आहात की इथे भात लावणार आहात?" अशा कित्येक फेऱ्या झाल्यावर मामांना एक वेज पसंत पडली. फुगीर बुडाची, थोडी गंजलेली, आणि वासाला चांगली.

मग रविवारी सकाळी मामा धोतर खोचून खाचरात उतरू लागले. त्यांचा सिद्धांत असा, की वेज चेंडूला लागताच कामा नये. ती चेंडूमागच्या वाळूला लागावी आणि वाळूने चेंडूला उचलावं. सिद्धांत पक्का होता, पण चेंडूला तो माहीत नव्हता. चिखल मामांच्या चष्म्यावर आणि चेंडू तिथेच. खाचराचे मालक, एक म्हातारे आगरी दादा, बांधावर बसून हे बघत असत. एकदा त्यांना राहवलं नाही. "कं करतंस रं मास्तर? उकरायचाच हाय त नांगर ने माजा!" मामा जराही न रागावता त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि नांगराचा फाळ किती तिरका असावा यावर दोघांची बराच वेळ चर्चा झाली. "फाळाला रुतायचं असतं, माझ्या काठीला रुतायचं नसतं, फरक तेवढाच," असं परतताना मामा मोठ्या समाधानाने म्हणाले.

हळूहळू हात बसला, पण एक सल राहिलाच. खाचर म्हणजे मैदान नव्हे आणि बंदरावरची रेती म्हणजे ती वाळू नव्हे. साहेबाच्या खड्ड्यातली वाळू पिठीसाखरेसारखी मऊ होती. तशा वाळूत एकदा मारल्याशिवाय आपण निवडलेली काठी बरोबर की चूक, हे मामांना कळणार नव्हतं. "एकदाच रे," ते म्हणायचे, "एकदाच त्या खड्ड्यात पडायला मिळालं पाहिजे." निवृत्ती जवळ आली तसा हा ध्यास वाढत गेला. माणसं संकट टळावं म्हणून देवापुढे हात जोडतात, मामा ते यावं म्हणून जोडत.

शेवटी योग आला. साहेब जाऊन कंपनीत आपल्यातलेच एक मॅनेजर आले होते आणि त्यांनीही नवा नवा गोल्फ धरला होता. मामांचा नाद त्यांच्या कानावर गेला. निवृत्तीआधीच्या एका रविवारी त्यांनी मामांना क्लबात खेळायला बोलावलं. बाकीच्या काठ्या मॅनेजरांच्या, वेज तेवढी घरची, आणि ती धरायला मी.

त्या दिवशी मामांचा चेंडू एकदाही वाळूत पडला नाही. खाचरात वर्षानुवर्षं मारून हात असा आवळला होता, की चेंडू थोडाच जायचा पण सरळ जायचा. खड्डा डावीकडे असला की मामा उजवीकडे, खड्डा पुढे असला की मामा अलीकडे. मॅनेजर मात्र एकही खड्डा सोडत नव्हते. त्यांची चपट्या बुडाची वेज दर वेळी वाळूत रुतायची आणि मामांच्या जिभेवर आलेले शब्द परत जायचे, कारण मॅनेजरांना शिकवणार कोण? वर मॅनेजर कौतुक करत होते, "वा! तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!" प्रत्येक कौतुकाला मामांचा चेहरा आणखी उतरत होता. शेवटच्या भोकाच्या झेंड्यापाशी मला राहवेना. मी म्हटलं, "मामा, ठेवा की चेंडू हाताने वाळूत. मारून घ्या एकदा." मॅनेजरही म्हणाले, "हो हो, ठेवा, कोण बघतंय?" मामा चेंडू हातात घेऊन खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. मग मान हलवून म्हणाले, "नको साहेब. खड्ड्यात पडावं लागतं. हाताने ठेवलेला चेंडू अडचणीत नसतो." मला त्यांचा राग आला. मूठभर वाळू नेऊ का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि खिशातला कागद काढून नीट पुडी बांधली.

घरी मामी वाटच बघत होती. "पडलात का खड्ड्यात?" तिने विचारलं. मामांनी नुसती नकारार्थी मान हलवली आणि पुडी तिच्यासमोर धरली. त्या काठीला मामीने आजवर स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडू दिला नव्हता. मामी आत गेली, कणीक मळायची परात पुसून घेऊन आली आणि मामांपुढे ठेवून म्हणाली, "सोडा यात." मामांनी वाळू पसरली आणि दुकानात फिरवायचे तशीच वेज तिच्यावरून फिरवली. बूड रुतलं नाही. अलगद सरकून वर आलं, आणि निम्मी वाळू उसळून मामीने नुकत्याच पुसलेल्या शहाबादी फरशीवर पडली. "बरोबर निवडली होती गं," मामा म्हणाले. "मग झालं तर," मामी म्हणाली.

पुढे क्लबातून बोलावणं आलं नाही आणि मामांनीही पुन्हा तो विषय काढला नाही. आता मामा नाहीत, मामी नाही, आणि त्या खाचरावर बिऱ्हाडं थाटली आहेत. वेज माझ्याकडे आहे, तिच्या मुठीचं चामडं सुटत आलंय. ती हातात घेतली की मला त्या दिवसाचं मैदान आठवत नाही, त्या संध्याकाळची फरशी आठवते. मामी सवयीने फडकं घेऊन वाकली होती. मामांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, धोतर सावरत खाली बसले आणि म्हणाले, "सरक जरा. आज मला पुसू दे."