रिपोर्ट नॉर्मल असला तरी चालतो

बरणीवरच्या चिठ्ठीत वय लिहिलं होतं, चोवीस. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चोवीसच. आत फॉर्मॅलिनमध्ये गर्भाशय, आणि सोबत दोन्ही अंडाशयंसुद्धा.

मी पॅथॉलॉजिस्ट. सिकंदराबादच्या जुळ्या शहरात, हिमायतनगरला माझी छोटी लॅब आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला अवयव आमच्याकडे येतो; त्याचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघून रोग होता की नाही ते आम्ही लिहून देतो. उदारीकरणानंतर शहरात गल्लोगल्ली नर्सिंग होमं निघालीच होती. मग सरकारने गरिबांसाठी तिथे कार्डावर मोफत ऑपरेशनची योजना आणली. मी खूश झाले होते. सरकारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ताटकळणाऱ्या माणसांची हृदयाची ऑपरेशनं एसी थिएटरात होऊ लागली, हे खोटं नाही. पण माझ्याकडे गर्भाशयांच्या बरण्या वाढल्या, त्याही तरुण बायकांच्या.

त्या पोरीचे काप पाहिले. रोग नाही. असे रिपोर्ट मी आधीही बरेच दिले होते. वाटायचं, ते वाचून वर कुणीतरी जाब विचारत असेल. त्या दिवशी मात्र राहवलं नाही. नर्सिंग होमच्या सर्जनला फोन लावला. तो मराठीच, सिकंदराबादचा, कॉलेजात मला ज्युनियर.

"अरे, चोवीस वर्षांच्या पोरीचं गर्भाशय काढलंस? काहीही नव्हतं त्यात!"

"ताई, अंगावरून पांढरं जात होतं. कॅन्सर होईल म्हणून भ्याली होती. तिनेच मागितलं."

"ही भीती तिला घातली कुणी?"

तो हसला. "योजनेचे पैसे मिळायला फाइलला रिपोर्ट जोडावा लागतो, ताई. नॉर्मल असला तरी चालतो. तुम्ही पाठवून द्या."

खात्री करायला योजनेच्या ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कने चेकलिस्ट पुढे सरकवली. 'रिपोर्ट जोडला आहे का?' एवढाच रकाना. रिपोर्टात काय लिहिलंय, ते कुणी विचारतच नव्हतं. म्हणजे इतके महिने मी त्या ऑपरेशनांना कागद पुरवत होते. मला स्वतःचीच किळस आली.

लॅबमध्ये परतले तर यादम्मा रजा मागायला उभी. ती आमच्याकडे काचसामान धुते, बरण्याही.

"मेडम, परसों बेटी का आपरेशन है. गर्भसंची निकालते." गर्भसंची म्हणजे तेलुगूत गर्भाशय. नर्सिंग होम तेच.

"उमर क्या है उसकी?"

"छब्बीस. दो बच्चे हो गए ना, अब क्या काम उसका? कार्ड पे फुकट में होरा, कायकू छोडना?"

"कल उसको यहां लाओ. मैं बोले बगैर कुछ नक्को करो!" मी ओरडलेच.

दुसऱ्या दिवशी मुलीला माझ्या गायनॅक मैत्रिणीकडे नेलं. सोनोग्राफी झाली. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या पेशी मी स्वतः मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. साधं इन्फेक्शन. दोन आठवड्यांच्या गोळ्या. अंडाशयं काढली तर तिशीतच हाडं ठिसूळ होतात, शेतात-बांधकामावर उभं राहवत नाही, हे लॅबमध्ये परतून मायलेकींना नीट समजावलं. ऑपरेशन रद्द झालं. मुलगी रडायलाच लागली. यादम्मा मात्र रॅकवरच्या बरण्यांकडे बघत राहिली.

"मेडम, इन औरतों को कौन बोला?"

कुणीच नाही. मी लिहिलं होतं, पण इंग्रजीत आणि डॉक्टरला. शिकलेली मी, आणि ही अक्कल मला बरण्या धुणाऱ्या बाईने शिकवावी!

मी योजनेच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली. पोच मिळाली, उत्तर नाही. आठवड्याभरात त्या नर्सिंग होमच्या बरण्या यायच्या थांबल्या. बरं वाटलं. मग कळलं, त्या आता गौलीगुड्याच्या एका लॅबमध्ये जातात.

रजिस्टरमध्ये आधी ऑपरेशन झालेल्या बायकांचे नंबर होते. निदान त्यांना तरी सांगू म्हणून पहिला फोन केला. तिशीतली बाई होती. मी तेलुगूत सांगितलं, "तुमच्या गर्भाशयात काही रोग नव्हता, अम्मा."

ती हुंदका देऊन म्हणाली, "देवाची कृपा, मॅडम! कॅन्सर नव्हता तर! तुमचे फार उपकार झाले."

ऑपरेशनच नको होतं, हे न सांगताच मी फोन ठेवला. अवयव बरणीत आल्यावर सांगितलेलं खरं काही कामाचं नसतं.