कोरडी मोरी

फोन कमळावयनींचा होता. मी नाशिककडच्या एका साइटवर डांबराचं तापमान बघत उभी होते. "बाय, तुझा दादा गेला गो," एवढंच त्या बोलल्या. मी रोलरवाल्याला थांबायची खूण केली. का केली, ते आजही मला सांगता येणार नाही. रोलर थांबला म्हणून कोणी परत येत नसतं.

बाळारामदादा, कमळावयनींचे यजमान, आमच्या बांधकाम खात्यात मैलकुली होते. हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. रस्त्याचा एक तुकडा एका माणसाच्या हवाली असायचा. खड्डे बुजवणं, गटारं मोकळी करणं, कडेचं गवत कापणं ही त्याची कामं, आणि रस्त्यावर काही मरून पडलं असेल तर तेही त्यानेच उचलायचं. दादांचा तुकडा भिवंडीहून खारबावकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. एका हाताला भातशेती, दुसऱ्या हाताला खाडीची तिवरं. हे शतक नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा मी तिथे कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले. मूळची सोलापूरची, म्हणजे तिथल्या लोकांच्या लेखी घाटावरची, आणि जिभेने चांगलीच तिखट. पूर्णा, राहनाळकडे गोदामं उभी राहत होती, कंटेनर आडवाटेने आमच्या रस्त्यावर यायला लागले होते, आणि हा रस्ता रुंद आणि उंच करायचं ठरलं होतं. मी पहिल्याच आठवड्यात रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी असलेल्या सगळ्या मोऱ्या तपासल्या. त्यांतल्या एका जुन्या दगडी मोरीत पाण्याचा थेंबही नव्हता. मी रुबाबात शेरा मारला : 'कोरडी, निरुपयोगी. बुजवावी.'

रस्त्याच्या कामावर बाईमाणसाची एक अडचण असते, ती कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही. सकाळी सातला घर सोडलेली मी दुपारपर्यंत पाणी प्यायचं टाळायचे. एके दिवशी माझी चुळबुळ चालली असताना दादा जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "म्याडम, खालती ती दगडाची मोरी हाय ना, तिथं निवांत बसा जरा. कोन येत न्हाय." आता, आमच्या सोलापूरच्या घरात मोरी म्हणजे न्हाणीचा कोपरा. मी इंजिनियर झालेली बाई, पण त्या घटकेला खात्याची मोरी डोक्यातून पार गेली आणि घरची मोरीच तेवढी उरली. म्हाताऱ्याला न बोलता आपली अडचण कळली म्हणून मला अगदी भरून आलं. मी खाली उतरले, वाकून आत डोकावले, तर अंधारातून दोन डोळे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्यामागे आणखी दोन. कोल्ह्यांची जोडी! मी ओरडत वर आले ते कोपर खरचटूनच. दादांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी खाली कशासाठी गेले होते हे त्यांना हळूहळू उमगलं. आधी ते शरमेने अर्धमेले झाले, आणि मग हसू आवरेना म्हणून रस्त्याच्या कडेला खाली बसले. त्यांना मला फक्त कोल्हे दाखवायचे होते. ज्या मोरीवर मी 'निरुपयोगी' लिहिलं, तिच्यात कोण राहतं ते मी एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाच मिनिटांवरच्या त्यांच्या घरी नेलं. कमळावयनींनी परसातल्या संडासाची किल्ली माझ्या हातात दिली आणि कधीही ये म्हणाल्या. पुढची तीन वर्षं त्या घरात मी हक्काने जात-येत होते, तांदळाची भाकरी खात होते, पोटभर पाणी पीत होते. माझी 'म्याडम'ची 'बाय' त्याच दिवशी झाली. निघताना ओट्यावर दादा म्हणाले, "बाय, तुझी सोय आमी केली. आता त्यांची तू कर."

मी बघते म्हणाले आणि बघत मात्र नव्हते. स्वतःच्या सहीचा शेरा स्वतःच खोडायचा, तोही कोल्ह्यांसाठी, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. ऑफिसात हसं होईल ही धास्ती होतीच. दादा काही मागे लागले नाहीत. त्यांनी त्यांच्या परीने उपाय सुरू केला होता. सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, असं आपल्याकडे मानतात. दादा चहाच्या टपरीवर ट्रकवाल्यांना गाठून त्यांच्या हिंदीत सांगायचे, "भाई, इधर सुबह में कोल्हा दिखता है. मुंह देखा तो दिन अच्छा जाता है. पन धीरे चलाव, नहीं तो दिखेगा कैसा?" मी विज्ञान शिकलेली, अंधश्रद्धा पसरवता म्हणून त्यांना झापलं. ते म्हणाले, खरं-खोटं मला ठाऊक नाही, पण गाड्या हळू होतात हे मी रोज बघतो.

आणि एका सकाळी मी पोचले तर ठेकेदाराच्या माणसांनी, माझ्याच शेऱ्याप्रमाणे, मोरीच्या दोन्ही तोंडांशी मुरूम ओतलेला होता. वर, रस्त्याच्या मधोमध, कोल्ह्याची मादी गाडीखाली येऊन मरून पडली होती. तिची आचळं भरलेली होती. दादांनी तिला उचलून कडेच्या करंजाखाली ठेवलं, फावडं घेतलं आणि मुरूम उपसायला लागले. मीही दुसरं फावडं घेतलं. तोंड मोकळं झालं तेव्हा आत तीन पिल्लं एकमेकांना बिलगून बसली होती, जिवंत. दादांनी मला हाताला धरून लांब नेलं. आपण इथं थांबलो तर बाप येणार नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मोरी रिकामी होती. नराने पिल्लं तिवरांत नेली, असं दादांनी छातीठोकपणे सांगितलं. खरंच तसं झालं की नाही, मला माहीत नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण त्या दिवसांत मला त्याची फार गरज होती.

मुरूम उपसला त्याच दुपारी मी शेरा खोडला. रस्ता रुंद झाला तेव्हा मोरीही त्याच्याइतकी लांब झाली, आणि वाकून माणूस जाईल एवढी तिची उंची राहिली. पण कागदावर खरं कारण लिहायची माझी छाती झाली नाही. 'भरतीचे पाणी चढण्याची शक्यता' असं ठोकून दिलं. दादांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "म्हंजे आता कोले पोवत येतील." मी हसले, पण तो टोला मला लागला. ते कधी रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं आहे.

माझी बदली झाली, ते निवृत्त झाले. दर दिवाळीला फोन यायचा. तब्येतीचं विचारलं तर थोडक्यात उरकायचे, आणि मोरीचं मात्र सविस्तर सांगायचे. आतून मुंगूस पलीकडे गेलं, घोरपड गेली, कोल्ह्यांची नवी जोडी आली... रस्ता म्हणजे माणसांनी एकमेकांकडे जायची सोय, एवढंच मी कॉलेजात शिकले होते. तोच रस्ता दुसऱ्या कोणाच्या दारासमोरची भिंत असू शकतो, हे सातवी शिकलेल्या एका माणसाने मला न शिकवता शिकवलं. शिवाय माझी अडचणही त्यांनीच ओळखली, चुकून का होईना. त्यांचे हे उपकार मी कधी तोंडाने बोलून दाखवले नाहीत. आज लिहिते आहे, तेही उशिरा.

गेल्या आठवड्यात इकडच्या एका रस्त्याचं अंदाजपत्रक मी वर पाठवलं. डोंगरातून तळ्यावर उतरणारी जनावरांची वाट त्या रस्त्याने तुटणार आहे. तिथे मी मोरी सुचवली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पाण्यासाठी नाही. ये-जा करण्यासाठी.' फाइल परत आली. समासात साहेबांनी पेन्सिलीने विचारलं होतं, 'कोणाच्या?' उत्तर लिहायला मी पेन उघडलं, आणि मिटलं. साहेबांना फोन लावला. म्हटलं, लिहून कळायचं नाही, गुरुवारी सकाळी सहाला तळ्यावर या, मी दाखवते.

साहेब येतो म्हणालेत.