नानांनी निवडलेलं व्हर्जन

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, पुण्यातल्या मुलीपाशी तर नाहीच. आणि ऐकल्यावर तुम्हीही म्हणाल — वायफायच्या डब्यावरून कुणी एवढं मनाला लावून घेतं का? मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगत आलो. डबाच तर आहे.

पण डब्याच्या आधी नाना सांगायला हवेत.

नाना आणि मी धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेवीस वर्षं शेजारी शेजारी बसलो. ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. लाइनमध्ये खरखर आली की ते रिसीव्हर कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे — पारोळा रोडला जॉइंटात पाणी गेलंय. लाइनमन जाऊन खणायचा, तर पाणी तिथंच. मला हे कधी जमलं नाही. माझं अक्षर बरं, म्हणून तक्रारींची वही माझ्याकडे. नानांचा त्या वहीबाबत एकच दंडक होता: जो बिघाड आपण स्वतः तपासला नाही, तो लिहायचा नाही. साहेब ओरडला तरी नाही.

निवृत्तीनंतर ते चाळीसगावला आपल्या घरी गेले, मी देवपुरातच राहिलो. आधी रोज फोन व्हायचे, मग आठवड्याने, मग सणावारी. असंच होतं, नाही का?

मग आमच्याकडे वायफाय आलं आणि ते धड चालेना. मुलगी व्हिडिओवर बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थिजायची. नानांना फोनवर सहज सांगितलं, तर रविवारी सकाळी पॅसेंजरने हजर! खांद्याला तीच जुनी हत्यारांची पिशवी, फक्त आता तिच्यात लॅपटॉप. राउटरच्या आत जे सॉफ्टवेअर असतं — फर्मवेअर — त्याची तीन व्हर्जन त्यांनी शोधून आणली होती. डब्याबरोबर आलेलं, त्याच्या नंतरचं आणि अगदी नवं. "मी बठ्ठं वाचेल शे," म्हणाले; सगळं वाचूनच आले होते. "एकेक हप्ता एकेक चालाडू. तू फक्त लिखत जाय."

म्हणजे वही पुन्हा माझ्याकडे. काय सांगू, मला केवढा आनंद झाला!

ते रविवार अजून डोळ्यांसमोर आहेत. नाना मोबाइल हातात धरून घरभर फिरायचे — आधी राउटरपाशी, मग ओट्यापाशी, मग गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ — आणि वेग मोठ्याने सांगायचे. मी मागोमाग वही घेऊन. बायको म्हणायची, दोघं घराची मोजणी करताय की काय? दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी. जेवताना एक्स्चेंजमधल्या त्याच त्या गोष्टी, आणि त्याच जागी तेच हसणं. संध्याकाळी मी त्यांना स्टेशनवर सोडायचो. आठवडाभर नेट कधी तुटलं, किती वेळ तुटलं, हे मात्र मी एकटाच टिपायचो. नाना थोडेच इथं असायचे?

पहिल्या व्हर्जनवर नेट दिवसातून चार-पाचदा जायचं. सगळ्यात नव्याला वेग भरपूर, पण टाकीपाशी ते मान टाकायचं. मधलं मात्र — मधलं सात दिवसांत एकदाही तुटलं नाही. नानांनी वही चाळली, चष्मा काढला. "हाईच ठेव भाऊ. आते हात लावानी गरज नही."

झालं. काम संपलं. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. का येतील?

त्यानंतरच्या बुधवारी मी फोन केला आणि म्हणालो, नाना, परत तुटतंय.

तुटत नव्हतं. वहीत मी लिहिलं — मंगळवार, दुपारी तीन, दहा मिनिटं. माझ्या त्याच सुवाच्य अक्षरात.

राउटर स्वतःही आत नोंद ठेवतो, हे नानांना ठाऊक होतं. पण आमचा डबा बंद करून चालू केला की ती पुसली जायची. म्हणून मी रविवारी ते यायच्या आधी बटण दाबायचो आणि सांगायचो, सकाळीच लाइट गेली होती. ते चुकचुकायचे. पुन्हा व्हर्जन बदलायचे, चॅनल बदलायचे, डबा खिडकीपासून कपाटावर न्यायचे, आणि निघताना मधलंच घालून जायचे. मी पुन्हा लिहायचो. एकदा बायको भाकरी वाढता वाढता म्हणाली, "नाना, अलीकडे तर काहीच बंद पडत नाही हो." मी म्हणालो, दुपारी झोपलेली असतेस, तुला काय कळणार? नानांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विश्वास वहीवर ठेवला.

इथवर तुम्ही मला माफ कराल. एकटा पडला होता बिचारा, दोस्त यावा म्हणून खोटं बोलला. मीही गोष्ट इथंच थांबवत आलोय — मनातल्या मनातसुद्धा. पण ती इथं थांबत नाही.

नाना गोंधळायला लागले. आकडे पुन्हा पुन्हा तपासायचे. एकदा तर राउटरला कान लावून बसले — त्यातून काही ऐकू येत नाही, हे त्यांना काय माहीत नव्हतं? आणि मला — सांगतोय म्हणून सांगतो — मला बरं वाटलं. तेवीस वर्षं ज्यांनी डोळे मिटून बिघाड सांगितला, ते आता मला विचारत होते, "तुले काय वाटस?" मी विचारपूर्वक मान हलवायचो. त्यांना चुकताना बघणं मला आवडत होतं. रविवारची वाट मी नंतर नंतर त्यासाठीही बघायचो.

त्याच दिवसांत नानांच्या नातीच्या शाळेने त्यांना विचारलं होतं, संगणक खोलीतलं वायफाय तुम्ही बसवून द्याल का? स्टेशनच्या बाकावर बसून ते मला त्याचं सगळं सांगायचे — कुठल्या भिंतीवर काय लावायचं, मुलं किती, खोल्या किती. बोलताना ते पुन्हा चाळिशीचे व्हायचे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही. चहा घेतला. म्हणाले, "शाळाले नही सांगी दिनं. तुना घरना एक डबा मले नीट करता उना नही, तठे पोऱ्हेस्नं नुकसान कशाले करू?"

पोरांचं नुकसान नको म्हणून शाळेला चक्क नकार. वही माझ्या मांडीवर होती. एक वाक्य पुरलं असतं. नाना, तुम्ही पहिल्यापासून बरोबर होता — एवढंच. ते चिडले असते, कदाचित कायमचे उठून गेले असते. पण शाळेत गेले असते.

मी काय म्हणालो, सांगू?

"नाना, आते वय व्हयनं. सोडी द्या."

त्यांनी मान डोलावली. वाद घातला नाही, आणि नानांनी वाद घातला नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी येईपर्यंत ते नातीच्या अभ्यासाबद्दल बोलत राहिले.

त्यानंतर ते आले नाहीत. म्हणजे ज्या रविवारांसाठी मी हे सगळं केलं, तेही गेले. शाळेचं काम कुणीतरी दुसऱ्याने केलं. नाना फोनवर बोलतात, तब्येत बरी आहे. पण त्यांच्या घरातला फ्यूज उडाला तरी आता वायरमनला बोलावतात. त्यांची सूनबाई सांगत होती, ते कशालाच हात लावत नाहीत. म्हणतात, माझा अंदाज आता खरा येत नाही.

आमच्याकडे त्यांनी शेवटी घातलेलं मधलं व्हर्जन तसंच आहे. त्या दिवसापासून ते एकदाही तुटलेलं नाही. त्यांचा अंदाज खरा होता. हे मला माहीत आहे, आणि नानांना माहीत नाही.