ज्या गाडीत भिंगरी बसणार

मास्तरांनी अख्ख्या गावाला गाडी शिकवली. डॉक्टरीणबाईंना शिकवली, पाववाल्याला शिकवली, आणि एका आजोबांनाही, ज्यांनी सत्तरी उलटल्यावर हौसेनं लायसन्स काढलं आणि गाडी मात्र कधी घेतलीच नाही. मास्तरांच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता. शिकणारा चुकला की मास्तरांचा पाय पडायचा. ही सवय इतकी मुरलेली, की बसमध्ये बसले तरी वळणावर त्यांचा उजवा पाय जमीन दाबत असे. शेजारच्या प्रवाशाला वाटायचं, बिचाऱ्याला पेटके येतात.

शिकवली नाही ती फक्त बायकोला. एकदा प्रयत्न झाला होता. पहिल्याच चौकात मास्तर असे काही कडाडले, की तिनं गाडी रस्त्याच्या मधोमध बंद केली, किल्ली त्यांच्या मांडीवर टाकली आणि चालत घरी गेली.

"परक्यांना अहो-जाहो," संध्याकाळी ती म्हणाली, "आणि घरच्या माणसावर हे असं वस्सकन?"

पुढे संसारही साधारण तसाच मधोमध बंद पडला. दोघंही शहाणी होती, फक्त एका घरात नाही. घटस्फोट झाला, भांडीकुंडी वाटली गेली आणि आठ वर्षांची भिंगरी आईकडे राहू लागली. खरं नाव शाळेपुरतं. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. दोन्ही घरांत दोन गल्ल्यांचं अंतर. आई रागावली की ती बाबांकडे, बाबांनी अभ्यास काढला की पुन्हा आईकडे.

मग तिच्या आईला नोकरी चालून आली. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवायची. हात असा, की तिची कवळी लावलेला माणूस उगाचच हसत सुटायचा. बंदराच्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेनं तिला प्रमुख म्हणून बोलावलं. हे शहर गाडीनं चार तासांवर. भिंगरीला सोबत नेण्याची परवानगी मिळावी म्हणून तिनं कोर्टात अर्ज केला, आणि मास्तरांनी हरकत घेतली.

"महोदया," मास्तरांचे वकील तावातावानं म्हणाले, "माझ्या पक्षकारांनी मुलीला भेटायचं कसं? जाऊन-येऊन आठ तास, अख्खा दिवस मोडतो. बाईंनी अर्ध्या वाटेपर्यंत आणून सोडावं म्हटलं, तर त्यांना गाडी चालवता येत नाही!"

जजबाईंनी चष्मा काढला. "तुमचे पक्षकार काय करतात?"

वकील उगाच कागद चाळू लागले. "शिकवतात."

"काय शिकवतात?"

"...गाडी."

कारकुनानं तोंडावर फाईल धरली, पण त्याचे खांदे हलायचे ते हललेच. जजबाईंनी मात्र चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही. त्यांनी हुकूम सांगितला: बाईंना तीन महिन्यांची मुदत. लायसन्स मिळालं आणि कोर्टाची खात्री पटली, तर मुलगी आईबरोबर जाईल आणि दर दुसऱ्या शनिवारी आई तिला अर्ध्या वाटेवर आणून देईल. नाहीतर मुलगी इथेच, वडिलांजवळ.

बाहेर येताच वकिलांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलो म्हणून समजा! स्टिअरिंग बघून थरथरतात म्हणालात ना? आता तीन महिने नुसतं स्वस्थ बसायचं."

मास्तर स्वस्थ बसलेही. आठवडाभर. मग एका सकाळी त्यांना बाजारच्या रस्त्यावर टोपीवाल्याची गाडी दिसली. टोपीवाला म्हणजे गावातला दुसरा ड्रायव्हिंग मास्तर. तो शेजारच्या सीटवर फोनवर खिदळत होता आणि स्टिअरिंगला भिंगरीची आई घोरपडीसारखी चिकटली होती. आरशात न बघता वळली. पुढच्या चौकातही तसंच.

मास्तरांना आधी गुदगुल्या झाल्या. अशी चालवली तर जन्मात लायसन्स मिळत नाही. पण मिळालं तर? टोपीवाल्याची माणसं रडतखडत का होईना, पास होतात की! आणि मग त्या गाडीच्या मागच्या सीटवर कोण बसणार?

फुटपाथवर उभ्या उभ्या मास्तरांचा उजवा पाय जमीन दाबू लागला.

संध्याकाळी त्यांनी तिचं दार वाजवलं.

"उद्या सकाळी सहाला. माझ्या गाडीवर."

"कशाला? नापास करायला?"

"त्याला टोपीवाला पुरेसा आहे."

ती दार धरून उभी राहिली. "ओरडायचं नाही."

"ओरडलो तर उतरून चालू लागायचं."

"त्यासाठी मी कुणी सांगायची वाट बघते होय?"

आतून भिंगरी ओरडली, "मी मागे बसणार!"

"नाही!" दोघं एकदमच म्हणाले. कित्येक वर्षांनी त्यांचं एकमत झालं होतं.

पहिली पंचाईत हाक मारण्याची. लग्नात ती "अहो" म्हणायची. आता "अहो" शोभेना आणि "तू" जिभेवर येईना. शेवटी तीही सगळ्या गावासारखी "मास्तर" म्हणू लागली. मास्तरांनीही तिला सगळ्या शिष्यांसारखं "तुम्ही" केलं.

"बाई, क्लच सावकाश सोडा."

"सोडला, मास्तर."

"तो सोडला नाही, फेकला."

कधी सायकलवाला आडवा आला की सगळी सभ्यता उडायची. "अगं, अगं, अगं!" मास्तर ब्रेक दाबत किंचाळायचे, ती त्यांच्याकडे नुसती बघायची, आणि ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "म्हणजे... बाई, आरसा."

पण हात तिचाच होता. दोन गाड्यांच्या मधे गाडी मागे घालायची म्हटल्यावर गावातले भलेभले घाम पुसतात. तिनं तिसऱ्या दिवशी गाडी फटीत अलगद बसवली. "एवढंच ना?" ती म्हणाली. "जबडा याहून अडचणीचा असतो." मास्तरांना हसू फुटलं, आणि ते लपवायला त्यांना खोकावं लागलं.

मग हायवेची सकाळ आली. पुढचा ट्रक अचानक थांबला. मास्तरांनी पाय खाली नेला, पण ब्रेक आधीच लागलेला. आरसा, ब्रेक, दिवा, सगळं तिनं केलं होतं, बिनबोभाट. मास्तरांना शाबासकी द्यायची होती. त्याऐवजी त्यांनी सरळ असलेला आरसा उगाचच सरळ केला. ही आता जाणार. आपणच धाडतोय.

"काय चुकलं?" तिनं विचारलं.

"काही नाही. चला पुढे."

ती परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाली. पुन्हा कोर्ट. लायसन्स बघून जजबाई म्हणाल्या, "कागद ठीक आहे. पण कोर्टाची खात्री कागदावर पटत नाही. मास्तर, तुमच्याइतका जाणकार इथे कुणी नाही. तुम्ही सांगा. यांच्या गाडीत मुलीला बसवाल?"

वकिलांनी कोपर मारलं. "अजून सराव हवा म्हणा," ते पुटपुटले. "एवढंच."

एवढंच होतं खरं. भिंगरीच्या आईनं मान खाली घातली नाही. ती सरळ मास्तरांकडे बघत होती.

"बसवेन," मास्तर म्हणाले. मग घाईघाईनं, "पण मागे. पट्टा लावून. आणि घाटात अंधार पडल्यावर नको."

"लिहून घ्या," जजबाई कारकुनाला म्हणाल्या. "आणखी काही?"

"पहिले दोन महिने दर शनिवारी."

"हा रहदारीचा नियम आहे?"

"नाही, महोदया. हा माझा."

जजबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ती हसली. "चालेल. मलाही सराव हवाच."

पहिल्या शनिवारी मास्तर अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोल पंपावर तासभर आधीच जाऊन उभे. ती बऱ्याच उशिरानं आली, पण आली झोकात.

"बाबा, आम्हाला ट्रॅक्टरनं मागे टाकलं!" भिंगरी उतरता उतरता ओरडली.

"टाकू दे," मास्तर म्हणाले. "त्याला घाई असेल."

"खोकल्याचं औषध बाजूच्या कप्प्यात," आई पिशवी देत म्हणाली. "उद्या दुपारी तीनला इथेच. अंधाराच्या आत मला घाट उतरायचाय, कोर्टाचा हुकूम आहे." आणि जाताना, "येते, मास्तर."

गाडी चालवताना बोललेलं मास्तरांना खपत नसे; शिष्यांना ते पहिल्या दिवशीच तंबी देत. भिंगरीनं पट्टा लावला आणि सुरू केलं: नवी शाळा, बोटींचे भोंगे, वर्गात कायम झोपणारी एक मुलगी. घरापर्यंत तिचं तोंड बंद झालं नाही. आणि ती श्वास घ्यायला थांबली की मास्तर रस्त्यावरून नजर न काढता विचारत, "बरं, मग?"