आमच्या साडूंचा बांगडा

आमच्या साडूंइतका समुद्रावर दात असलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही. मूळचे नागपूरचे, त्यात कट्टर शाकाहारी. समुद्र म्हणजे माशांनी नासवलेलं पाणी, हे त्यांचं ठाम मत. आणि बायको मिळाली वेंगुर्ल्याची, माझ्या बायकोची सख्खी थोरली बहीण. आमच्या घरी आठवड्यातून दोनदा मासे. ताई मात्र तिकडे डब्लिनला, म्हणजे आमच्या ओहायोतल्या डब्लिनला, अकरा वर्षं दुधीभोपळा शिजवत होती. फारच आठवण झाली की आमच्याकडे येऊन मासे खायची आणि वेलदोडा चघळत घरी जायची. साडू बोलत काहीच नसत. फक्त भर थंडीत दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवत.

अशा माणसाने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला फोन करून सांगितलं, की आम्ही आता दर सीझनला, पार पूर्वेच्या मेन राज्यातल्या एका समुद्रकाठच्या हॉटेलात जाणार. माझ्या हातातून फोन पडायचाच बाकी होता. हॉटेल म्हणजे एक जुना दगडी बंगला. स्कॉटलंडहून आलेली एक म्हातारी बाई तो चालवायची, सगळा थाट तिच्या गावाकडचा. वसंतात डॅफोडिल्स, उन्हाळ्यात शिडाच्या होड्या, फॉलमध्ये शेकोटी आणि सफरचंदाचा गरम रस, हिवाळ्यात बर्फाने भरलेला किनारा. ताई सांगायची, साडू यातलं काही सोडत नसत. डायरीत लिहून आणलेल्या क्रमाने सगळं एन्जॉय करत, पण समुद्राकडे पाठ करून. गच्चीवरची खुर्ची ते आधी उलटी फिरवत आणि मगच बसत. मी एकदा फोनवर छेडलं, तर म्हणाले, "मी हवा खायला आलोय. तेवढीच खाऊ द्या." जेवायला डब्यातल्या पोळ्या आणि मेतकूट. मालकीणबाई बिचारी त्यांना रोज उकडलेला बटाटा द्यायची, तोही ते दोनदा हुंगून घेत.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला कळेना. एका फॉलमध्ये त्यांनी आम्हालाही, लेकीसकट, सोबत यायचा आग्रह केला, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी बायकोने सांगितलं. ताई जानेवारीत वेंगुर्ल्याला चालली होती. वन-वे तिकीट. "मला इथे करमत नाही गं," एवढंच म्हणाली होती. साडूंना म्हणे यातलं काहीच माहीत नव्हतं. मी हबकलोच. दोन दिवसांच्या ड्राइव्हमध्ये मला त्यांच्याकडे धड बघवेना.

तिथे पहिल्याच दुपारी जेवायला भाजलेला अख्खा मासा आला. ताईने ताटलीत बघितलं आणि हळूच म्हणाली, "बांगडा." तिचे डोळे भरून आले. साडूंनी डब्याचं झाकण लावलं, मालकीणबाईंना बोलावलं आणि म्हणाले, "मलाही हेच द्या."

बायकोने टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. मासा आला. साडू दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले, चेहरा पांढराफटक. माझ्या लेकीने विचारलं, "काका, आर यू ओके?"

"काटा कसा काढतात, दाखव," ते ताईला म्हणाले.

ताईने काटे काढले आणि एक तुकडा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो डोळे मिटून गिळला आणि वर ग्लासभर पाणी घेतलं. मग म्हणाले, "ट्रॅव्हल एजंटचा फोन मीच घेतला होता. तिकीट कॅन्सल कर म्हणत नाही मी. पण अकरा वर्षं माझ्या घरात तू मन मारून जेवलीस, आणि मी खिडक्या उघडत बसलो. नुसता समुद्र दाखवला की तुला करमेल, असं वाटलं मला. लाज वाटते मला."

ताई रडली, पण तिकीट काही तिने कॅन्सल केलं नाही. जानेवारीत साडूंबरोबर जाऊन आम्हीच तिला एअरपोर्टवर सोडलं.

आणि मार्चमध्ये या गृहस्थाने नोकरी सोडली. वीस वर्षांची, पक्की. मी तावातावाने त्यांच्या घरी गेलो, वेड लागलंय का म्हणून विचारायला, तर ते भांडी खोक्यात भरत होते. "तिथे ती एकटी जेवते," ते म्हणाले.

मी खाली बसून त्यांना खोकी बांधू लागलो. पुढच्या फॉलमध्ये बायकोने हॉटेलचा विषय काढला. मी म्हटलं, राहू दे, त्यांच्याशिवाय तिथे माझ्याने बसवणार नाही.