एक कारखाना, दोन चेअरमन आणि शेख सर

पेपरात सकाळी छापलेल्या बातमीत संध्याकाळी भजी बांधली जातात. किस्से मात्र साचत जातात, हटता हटत नाहीत. बीडच्या आमच्या छोट्या दैनिकातले माझे बहुतेक किस्से शेख सरांचे. ते वृत्तसंपादक, मी चकलांब्याहून आलेला नवा वार्ताहर. साल दुष्काळाचं. आणि आमच्याकडच्या सहकारी साखर कारखान्याला चेअरमन होते दोन! निवडणुकीचा निकाल कोर्टात अडकलेला. आबा म्हणत मी निवडून आलो, नाना म्हणत मी.

*

पहिल्याच बातमीत मी बिनधास्त लिहिलं, 'चेअरमन आबा म्हणाले'. सकाळी नानांची माणसं दारात.

"कावून बे, आमचे नाना काय मेले का?"

सरांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मग मला म्हणाले, "खुर्ची देणं आपलं काम न्हाई, काढून घेणं बी न्हाई. कोण काय म्हणतं आन् कोर्टात काय चाललंय, तेवढं लिही."

*

मी लई शहाणा झालो. दोघांच्याही नावाआधी 'कथित चेअरमन' लावलं. लगेच आबांचा फोन.

"कथित म्हंजी काय?"

"म्हणजे... लोक तसं म्हणतात."

"कोण म्हणतं? नावं सांगा, बघतो एकेकाला!"

सर पोट धरून हसले. मग स्वतः पेन घेऊन लिहिलं, 'चेअरमनपदावर दावा सांगणारे'.

"लांबलचक हाय," ते म्हणाले, "पण खरं हाय."

*

पाडव्याला दोघांच्या जाहिराती एकाच पानावर आल्या. दोन्हींत 'लोकप्रिय चेअरमन'! चार दिवसांनी एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं : 'संपादक साहेब, आमाला चेअरमन दोन मिळाले, टँकर एक बी न्हाई. एक चेअरमन परत घ्या आन् टँकर द्या.'

सरांनी ते जसंच्या तसं छापलं.

*

उन्हाळ्यात मात्र हसू आटलं. कारखान्याच्या मैदानावर चारा छावणी होती. चाऱ्याच्या गाड्या गेटवरच उभ्या, कारण पावतीवर कुठल्या चेअरमनची सही चालते हे वॉचमनला ठाऊक नाही! आत जनावरं हंबरत होती.

मी तावातावानं हेडिंग दिलं, 'खरा चेअरमन कोण?' सरांनी ते खोडलं.

"जनावराला त्याचं काय बे?"

हेडिंग झालं, 'छावणीत दोन दिवस चारा नाही'. खाली दोघांचंही म्हणणं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचे दहा-बारा जण ऑफिसात घुसले. "कुणी लिहिलं हे?"

मी खाली मान घालून टेबलावरचे कागद चाळायला लागलो. सर खुर्चीतून उठले.

"मी."

बातमी माझी होती. माणसं बडबडत निघून गेली. संध्याकाळी गाड्या आत गेल्या, पावतीवर दोन-दोन सह्या घेऊन! मी या धंद्यात टिकलो तो सरांच्या त्या एका शब्दामुळं. उपकार फिटायचे नाहीत.

*

सर निवृत्त झाले तेव्हा मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आम्ही जेवण ठेवलं. न बोलावता आबा आले, मागोमाग नाना. तोवर कारखाना तिसऱ्याच माणसाच्या हातात गेलेला.

"सर, त्या वर्साला तुमी मला चेअरमन लिहिलं न्हाई," आबा म्हणाले. "राग हाय अजून."

"मला तरी कुठं लिहिलं!" नाना म्हणाले.

सरांनी हसून विचारलं, "मग आलात कावून?"

आबांनी ताट पुढं ओढलं. नाना भाकरी मोडायला लागले. मग हळूच म्हणाले, "छावणीत माझ्या बहिणीच्या दोन म्हशी होत्या, सर."