बुडन का तरंगन?

डोणगावच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले, त्या पहिल्याच दिवशी विज्ञानाच्या निर्मलाबाईंनी माझ्या डब्यातलं संत्रं उचललं आणि पाण्याच्या बादलीत टाकलं. "सांगा मॅडम, बुडन का तरंगन?" संत्रं तरंगलं. मग त्यांनी ते सोलून पुन्हा टाकलं. ते सरळ तळाला गेलं. "साल काढली म्हणजे हलकं झालं ना? मंग बुडलं काऊन?"

त्यांनीच सांगितलं, सालीत हवा असते. साल गेली की वजन थोडंच घटतं, पण आकार बराच घटतो. "एकटं वजन पाहून भागत नाही. तेवढ्या वजनानं पाण्यात जागा केवढी घेतली, ते पाहा लागते."

विज्ञान शिकवणाऱ्या या बाई विहिरीच्या काठावर मात्र कधी जात नसत. एकदा मी कारण विचारलं. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी शेतातल्या विहिरीत पडून गेला होता.

"लोक धावले तवा चप्पल वर होती मॅडम, अन् तो खाली. मी आईले विचारलं, चप्पल काऊन नाही बुडली? आईनं मले जवळ घेतलं."

पन्नाशी उलटल्यावर एका उन्हाळ्यात त्या त्याच विहिरीत उतरल्या. कमरेला दोर, दोराचं टोक त्यांच्या यजमानांच्या हातात. मी पायरीवर बसले होते. आधी भीतीनं अंग ताठ करून त्या हातपाय झाडत राहिल्या आणि नाकातोंडात पाणी गेलं. मग त्यांनी छातीभर श्वास घेतला, मान मागे सोडली, आणि पाण्यानं त्यांना वर धरलं. श्वास सोडला की चेहरा पाण्याखाली जाई, भरला की वर येई. कितीतरी वेळ त्या तेच करून पाहत होत्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांची म्हातारी आई शेताच्या बांधावर उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

"हे त्याले येत असतं तं?" आईनं विचारलं.

निर्मलाबाईंनी ओल्या पदरानं तोंड पुसलं. "तरंगला असता, आई."

आई पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गावातल्या पोराईले शिकव मंग."

पुढे निवृत्त होऊन बुलढाण्याला जाईपर्यंत बाईंनी दर उन्हाळ्यात पोरापोरींना त्या विहिरीत तरंगायला शिकवलं. आई काठावर बसून असे. सगळी पोरं वर आल्याशिवाय ती उठत नसे.